गिअरबॉक्सला पुढचे वळण दिसत नाही: मॅन्युअल मोडचे चौदा महिने

बावीस वर्षे मी क्लचचीच गाडी चालवली, आणि डावा गुडघा कुरकुरू लागला नसता तर आजही तीच चालवत असतो. नवी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा घरातली तरुण मंडळी 'स्पोर्टी'च हवी म्हणून अडून बसली, गुडघ्याने ऑटोमॅटिकचा हट्ट धरला, आणि या दोन पक्षांच्या तहातून दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलण्याचे दोन पॅडल असलेली एक सेडान इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या दारी उभी राहिली. गाडीचे नाव मी मुद्दामच देत नाही. मला लिहायचे आहे ते तिच्यातील मॅन्युअल मोडविषयी, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीतही गिअर स्वतः निवडण्याच्या सोयीविषयी, आणि ही सोय थोड्याफार फरकाने आज अनेक कंपन्यांच्या गाड्यांत मिळते. चौदा महिने आणि अठरा हजार किलोमीटर एवढा माझा अनुभव आहे.

ज्या शोरूममधून गाडी घेतली तेथील विक्रेत्याने चावी देताना सांगितले होते की पॅडल ही नुसती शान आहे, गाडी 'डी'मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या 'ड्राइव्ह'मध्ये, टाकावी आणि विसरून जावे. मी मॅन्युअल मोडविषयी आणखी दोन प्रश्न विचारले, तेव्हा फार वापरल्यास गिअरबॉक्स खराब होतो, अशी पुस्तीही त्याने जोडली. पहिले तीन महिने मी त्याचे ऐकले. त्या तीन महिन्यांत आम्ही महेश्वरला गेलो नसतो, तर कदाचित आजही ऐकत राहिलो असतो.

इंदुरात राहणाऱ्याला घाट म्हटले की दक्षिणेचीच दिशा आठवते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि नर्मदाकाठचे महेश्वर त्याहून जवळजवळ ४०० मीटर खाली. म्हणजे माळव्यातून निमाडात जायचे तर विंध्याची धार कोठे ना कोठे उतरावीच लागते. खंडवा रस्त्याने गेलात तर भेरू घाट, मानपूरवरून धामनोदकडे गेलात तर गणेश घाट, आणि महूहून मंडलेश्वरकडे निघालात तर अहिल्यादेवींच्या काळातील जाम दरवाजापाशी थांबून, खाली पसरलेले निमाड डोळे भरून पाहून, मग उतरायला सुरुवात करायची. आमची मावशी महेश्वरला असते आणि आमचा रस्ता नेहमी जामचाच.

त्या पहिल्या फेरीत गाडी 'डी'मध्येच होती. उताराला लागताच मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गिअरबॉक्सने, इंजिनावर ताण नाही असे पाहून, पेट्रोल वाचवण्याच्या सवयीने सरळ पाचवा गिअर टाकला. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, १५००च्या आसपास उतरले आणि इंजिनाची पकड सुटल्यासारखी झाली. वळण आले की ब्रेक, वळण संपले की गाडी पुन्हा सुटलेली, पुन्हा ब्रेक. गिअरबॉक्स उतार अगदीच ओळखत नव्हता असे नाही. ब्रेक जोरात दाबला की तो एखादा गिअर खाली आणत असे, पण पाय काढताच पुन्हा वर चढत असे. हा खेळ घाट संपेपर्यंत चालला. खाली पोहोचलो तेव्हा शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हा करपट वास कसला येतोय?" मी उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात नेला. चाकाला हात लावण्याची गरजच नव्हती. वीतभर अंतरावरूनही तव्यासारखी धग लागत होती.

परत येताना मावशीही आमच्यासोबत इंदूरला यायला निघाली. तिला घाटात गाडी लागते. पदराच्या टोकाला आवळासुपारी बांधूनच ती बसली, आणि चढावर गिअरबॉक्सने तिसरा, चौथा, पुन्हा तिसरा अशी जी चाळवाचाळव केली, तिच्या प्रत्येक हिसक्यासरशी मावशीची मान पुढे-मागे होत होती. जाम दरवाजापाशी गाडी थांबवून तिला पंधरा मिनिटे वाऱ्यावर बसवावे लागले.

त्या रात्री मी गाडीसोबत आलेली पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. मॅन्युअल मोडला तिच्यात जेमतेम दीड पान दिले आहे, आणि त्या दीड पानात हा मोड कशासाठी आहे याविषयी एक अक्षर नाही.

तेव्हा आधी तो काय आहे ते सांगतो. लिव्हर 'डी'मधून बाजूला सरकवली की गाडी मॅन्युअल मोडमध्ये जाते. मग लिव्हर पुढे ढकलली की गिअर वाढतो, मागे ओढली की कमी होतो, आणि हेच काम उजव्या व डाव्या पॅडलनेही होते. लिव्हर 'डी'मध्येच ठेवून पॅडल ओढले तर मॅन्युअल मोड तात्पुरता लागतो आणि काही सेकंद काहीच न केल्यास गाडी आपोआप 'डी'वर परतते. हा तात्पुरता प्रकार ओव्हरटेकपुरता उत्तम आहे आणि घाटासाठी कुचकामी, कारण लांब वळणाच्या मध्येच गाडी आपला निर्णय फिरवते.

नावात 'मॅन्युअल' असले तरी शेवटचा शब्द गिअरबॉक्सचाच असतो, हे जुन्या क्लचवाल्यांनी आधीच समजून घ्यावे. ताशी ८० वेगात दुसरा गिअर मागितला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल म्हणून तो सरळ नकार देतो. पडद्यावर गिअरचा आकडा नुसता लुकलुकतो. आरपीएम लाल रेषेला टेकले की तो न विचारता वरचा गिअर टाकतो. वेग फार कमी झाला की इंजिन बंद पडू नये म्हणून स्वतःच खाली उतरतो. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर मॅन्युअल मोडमध्येही तो एखाद-दोन गिअर खाली येतो, आणि हे मला आवडत नाही. पण एवढ्या पहाऱ्यात गिअरबॉक्स मोडेल कसा, हा प्रश्न त्या विक्रेत्याला विचारायचा राहूनच गेला.

दुसऱ्या फेरीत जाम दरवाजापाशीच मी लिव्हर बाजूला घेतली आणि तिसरा गिअर धरला. ताशी ४० वेगाला आरपीएम २५०० दाखवत होते. अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी जणू कोणी मागून हलकेच पदर धरून ठेवल्यासारखी उतरू लागली. उतार जेथे अधिक तीव्र झाला तेथे वळणाच्या आधीच डावे पॅडल एकदा ओढले. गिअरबॉक्सने इंजिनाला क्षणभर हुंकार देऊन आरपीएम जुळवून घेतले आणि दुसरा गिअर बसला. ताशी ३०ला इंजिन २८००वर फिरत होते, आवाज थोडा चढला होता, आणि ब्रेकवर पाय फक्त वळणाच्या तोंडाशी, तोही अलगद, जात होता. खाली पोहोचल्यावर मी पुन्हा चाकाजवळ तळहात नेला. ऊब होती, धग नव्हती आणि वासही नव्हता.

"ज्या गिअरने चढशील, त्याच गिअरने उतर," हे वाक्य ट्रक चालवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. गणेश घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरच्या वर्तमानपत्रांत ज्याने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत त्याला त्या वाक्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो, आणि ती उष्णता डिस्कमधून, पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. आपल्या गाड्यांत वापरले जाणारे डॉट ४ प्रतीचे ऑइल कोरडे आणि नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओलावा शोषत राहते, आणि ओलावा मुरलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचे पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. इंजिनाच्या पकडीने उतरताना ब्रेकवर हा भार फार थोडा पडतो. शिवाय गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतात. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये गाडी उतरवून पेट्रोल वाचवल्याचे समाधान मानणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना हे मी दोनदा सांगितले आहे. त्यांचा विश्वास अजून बसलेला नाही.

या सगळ्यातून माझे मत बनले ते असे की मॅन्युअल मोडचा वेगाशी संबंध फार थोडा आहे. गिअर बदलण्यात हा गिअरबॉक्स माझ्यापेक्षा केव्हाही सरस आहे. विषम क्रमांकाचे गिअर एका क्लचवर आणि सम क्रमांकाचे दुसऱ्यावर असल्यामुळे तिसरा चालू असतानाच त्याने चौथा जुळवून ठेवलेला असतो, आणि बदल होतो तो केवळ एका क्लचने सोडण्याचा व दुसऱ्याने धरण्याचा. तेवढी चपळाई माझ्या डाव्या पायात पंचविसाव्या वर्षीही नव्हती. मात्र त्याला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पुढचा रस्ता. चढ, वेग, पायाचा दाब या सगळ्यांची माहिती त्याच्याकडे ती गोष्ट घडल्यानंतर येते. वळणाआड लागणारा उतार, समोरून येणारी बस आणि तिच्यामागे मिळणारी मोकळी जागा या गोष्टी मला दोन-तीन सेकंद आधी दिसतात. पॅडल हे मला दिसलेले त्याला कळवण्याचे साधन आहे, आणि एवढ्याच कामासाठी मी ते वापरतो.

ओव्हरटेकचेच पाहा. खंडवा रस्त्यावर कापसाने फुगलेल्या ट्रकमागे ताशी ५० वेगाने चाललो असताना 'डी'मध्ये पाचवा किंवा सहावा गिअर असतो. समोरची जागा मोकळी झाल्यावर अॅक्सिलरेटर दाबला तर गिअरबॉक्स आधी विचार करतो, मग दोन-तीन गिअर खाली येतो, मग टर्बोमध्ये, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यात, दाब भरतो आणि मग गाडी उसळते. एवढ्यात ती मोकळी जागा निम्मी संपलेली असते. येथे ड्युअल क्लचची एक खोडही आडवी येते: आपण संथ चाललो आहोत असे पाहून त्याने वरचा गिअर जुळवून ठेवलेला असतो, आणि आपण मागतो खालचा. म्हणून मी जागा मोकळी होण्याच्या आधीच, ट्रकच्या मागे असतानाच, डावे पॅडल दोन-तीनदा ओढून तिसऱ्यावर येतो. आरपीएम ३००० पार असतात, टर्बो भरलेला असतो, आणि पाय दाबताच गाडी निघते. जागा मिळाली नाही तर काही बिघडत नाही. उजवे पॅडल ओढून पुन्हा वर जायचे. माझ्या दृष्टीने या गाडीच्या 'स्पोर्टी' विशेषणाचा एवढाच उपयोग आहे, आणि तो पुरेसा आहे.

चढावरची चाळवाचाळवही अशीच मिटली. तिसरा धरून ठेवला की गाडी एका लयीत चढते. पुढच्या खेपेस मावशी मागच्या सीटवरून म्हणाली, "आज गाडी हेलकावे देत नाही रे, रस्ता नवा केलाय का?" आवळासुपारीची गाठ त्या दिवशी सुटली नाही.

तक्रारी आहेत, आणि त्यांतली पहिली पॅडलांच्या जागेची आहे. आमच्या गाडीत पॅडल स्टिअरिंगला जोडलेले आहेत, म्हणजे चाक फिरले की तेही फिरतात. जाम घाटातल्या उलट्या वळणावर स्टिअरिंग अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरवावे लागते, हात एकमेकांवरून जातात, आणि त्या क्षणी डाव्या बोटांखाली जे येते ते 'अधिक'चे पॅडल असते. एकदा मी उतारावर गिअर कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो. गाडी पुढे सरकली, ब्रेक दाबून सावरली, कोणाला कळलेही नाही. पण माझ्या कपाळावर घाम आला होता. काही महागड्या स्पोर्ट्‌स गाड्यांत पॅडल स्टिअरिंगच्या दांड्याला पक्के बसवलेले असतात, चाक कितीही फिरवले तरी जागचे हलत नाहीत. नित्याच्या गाड्यांत ही पद्धत क्वचितच दिसते. तेव्हापासून वळणात असताना पॅडलला हातच लावायचा नाही, जो गिअर हवा तो वळणाआधी घ्यायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आणि अगदीच वेळ आली तर लिव्हर आहे, ती जागची हलत नाही.

लिव्हरच्या दिशेबद्दलही माझे मत उलटे आहे. पुढे ढकलल्यावर गिअर वाढावा, असे आमच्या आणि बहुतेक कंपन्यांनी ठरवले आहे. ब्रेक लावताना अंग आपोआप पुढे झुकते आणि नेमका तेव्हाच गिअर कमी करायचा असतो. मग पुढे ढकलणे म्हणजे कमी करणे, हेच शरीराला सोयीचे. बीएमडब्ल्यू आणि माझदा यांनी लिव्हर तशीच ठेवली आहे, शर्यतीच्या गाड्यांतही तीच रीत असते. पॅडलही आले तेथूनच. १९८९ साली फेरारीने जॉन बर्नार्ड यांनी आखलेली फॉर्म्युला वनची गाडी पॅडलसह उतरवली आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती जिंकून गेला. पुढे १९९७मध्ये एफ ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत ते पॅडल आले. हात स्टिअरिंगवरून निघू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग आमच्या घरापासून तासाभरावर आहे, आणि मुले तिकडे पाहून उसासे टाकतात. पण स्टिअरिंगवरून हात न काढण्याचे महत्त्व मला कळले ते ताशी ३०च्या वेगाने, दरीच्या कडेला.

शहरात या मोडचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. राजवाड्यापाशी किंवा संध्याकाळी पलासियाला गर्दीत अडकल्यावर पहिला गिअर धरून ठेवला तर पहिल्या-दुसऱ्यातले हिसके थांबतात, एवढाच लाभ. क्लचचे घसरणे त्याने थांबत नाही. आमच्या गाडीतला क्लच ड्राय प्रकारचा आहे, म्हणजे त्याला थंड करायला ऑइल नाही. मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिले की तो तापतो. पुलाच्या चढावर गाडी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय असेल, तर ती मॅन्युअल मोड असो की 'डी', दोन्हीकडे सारखीच घातक. गर्दीत मी आता पुढे गाडीभर जागा झाल्यावरच ब्रेक सोडतो. मागचे भोंगे वाजवतात, वाजवोत.

अॅव्हरेजचा हिशेब थोडक्यात: शहरात 'डी'मध्ये लिटरला ११ ते १२, महामार्गावर 'डी'मध्ये १७ ते १८. घाटापुरता मॅन्युअल मोड वापरल्याने महेश्वरच्या फेरीत फरक जाणवला नाही. सपाट रस्त्यावर मुलाने हौसेने दिवसभर पॅडल चालवले, तेव्हा आकडा १३वर आला आणि घरात चर्चा झाली.

जे विकत घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी नुसता 'पॅडल आहेत' एवढ्यावर भाळू नये, कारण सगळ्या गिअरबॉक्सवर ते सारखे चालत नाहीत. सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकारात ठरलेले गिअर नसतातच. पॅडल ओढल्यावर जे मिळतात ते सॉफ्टवेअरने आखलेले टप्पे असतात, आणि उतारावर त्यांचाही उपयोग होतो. एएमटीमध्ये, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या स्वस्त प्रकारात, बहुधा पॅडल नसून लिव्हरच असते. गिअर बदलताना ती गाडी दम खाते, पण ज्यांचे अंदाजपत्रक कमी आहे त्यांनी घाटासाठी ती लिव्हर वापरायला जरूर शिकावे.

टेस्ट ड्राइव्ह देताना शोरूमवाले सुपर कॉरिडॉरच्या सपाट, रुंद रस्त्यावरच नेतात. तेथे मॅन्युअल मोडची पारख होत नाही. घाटापर्यंत नेण्याचा आग्रह धरा. नाही म्हणाले तर निदान गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहा की पॅडल कोठे जातात, बोटे त्यांना पोहोचतात का, आणि लिव्हर मॅन्युअलमध्ये टाकल्यावर गिअरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो का. आमच्या गाडीत तो आकडा तांदळाच्या दाण्याएवढा आहे, आणि हे मला गाडी घरी आल्यावर कळले.